बधिर तोंडाने व्याह्याच्या पंगतीला

जोतीराम सरनोबतांना तिखट चालत नव्हतं.

हेच दुसऱ्या कुठल्या गावात सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्यानं हातातला पेपरसुद्धा खाली ठेवला नसता. पण माणूस कोल्हापूरचा, आडनाव सरनोबत, मिशा दोन्ही बाजूंनी वर वळलेल्या आणि पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क! अशा माणसाला तिखट चालत नाही म्हणजे काय, ही काय गंमत आहे? दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली, पाठोपाठ तोंड आलं, आणि आलेलं तोंड परत जायचं नावच घेईना. भाजीत मिरचीचा एक तुकडा चुकून राहिला तरी सरनोबत पाटावरून हातभर वर उडायचे. विमलाबाई त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात दूधभात आणि साधं वरण करायच्या आणि शेजारच्या बायका आल्या की ते पातेलं कॉटखाली सारायच्या. ऑफिसात सरनोबत भिंतीकडं तोंड करून डबा खायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "फायलीचा विचार चाललाय." सगळं खातं त्यांच्या कष्टाळूपणावर खूश होतं.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं; पण सत्त्याण्णव साली अंतराचं लग्न निघालं.

अंतरा त्यांची एकुलती एक. शाळेत विज्ञान शिकवायची. हातकणंगल्याचा शार्दूल हा इंजिनिअर पोरगा तिनं स्वतःच पसंत केला होता आणि तसं बापाच्या तोंडावर सांगितलं होतं, "आप्पा, पत्रिका बघा, घर बघा, काय बघायचं ते बघा. पण दुसरा मुलगा बघू नका." सरनोबतांनी घर बघितलं, शेती बघितली, सगळं पसंत पडलं. अडचण होती ती शार्दूलच्या वडिलांची. गणपतराव म्हणजे भलं मोठं प्रस्थ. त्यांचं म्हणणं असं, की सोयरीक पत्रिकेवर जुळत नाही, पंगतीवर जुळते. मागच्या साली एका स्थळाच्या बापानं तांबड्या रश्श्यात कालवायला दही मागितलं, तर गणपतराव भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, "ज्याला रस्सा सोसत न्हाय, त्येला नातं काय सोसणार?" ते स्थळ तिथंच बारगळलं.

त्यांचा निरोप आला: "रविवारी दुपारी एकला जेवाय या. जेवणं झाली की सुपारी फोडू."

सरनोबतांनी निरोपाचं कार्ड तीनदा वाचलं. विमलाबाई म्हणाल्या, "खरं काय ते सांगून टाकूया की. आजारपण काय कुणाला चुकलंय?"

"आणि पोरीचं लग्न मोडूया?" सरनोबत ओरडले. "मी सरनोबत हाय!"

"सरनोबत दूधभात खातोय, ते मला ठावं हाय," विमलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सल्ल्याला कोल्हापुरात तोटा नाही. आपण फक्त कट्ट्यावर बसून एक सुस्कारा सोडायचा. बाकीचं गल्ली बघते. सरनोबतांनी सोडलेला सुस्कारा नेमका शेजारच्या पिराजीनं ऐकला. पिराजी हा एका दाताच्या डॉक्टरकडं तीस वर्षं कंपाउंडर होता. तीस वर्षांत डॉक्टरांचं जे जे बोलणं कानावर पडलं, ते सगळं त्यानं आपलंच म्हणून ठेवून घेतलं होतं.

"तिखट ही चव न्हवंच मुळी," पिराजीनं सुरुवात केली.

सरनोबतांना धक्काच बसला. "चव न्हवं? मग काय हाय?"

"दुखणं हाय ते. गोड, आंबट, खारट ह्या चवी. तिखट म्हंजे जिभंला भाजल्याची वर्दी. मिरची खाल्ली की जिभंची नस मेंदूला सांगती, आग लागली म्हणून. खरी आग नस्तीच."

उभं आयुष्य कोल्हापुरात काढून, आपण ज्याला चव म्हणत आलो ती खोटी वर्दी आहे, हे एका निवृत्त कंपाउंडरकडून ऐकायची पाळी यावी! सरनोबतांना क्षणभर आपल्या पूर्वजांबद्दल वाईट वाटलं.

"मग ती वर्दी अडवता येती का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न येयाला काय झालं! नसंच्या अंगाला बारीक बारीक दारं असत्यात. सोडियम असतंय न्हवं, मिठातलं, ते त्या दारातनं आत घुसलं की वर्दी पुढं पळती. दात काढायच्या आधी आमचं डॉक्टर जे बधिर करायचं औषध द्यायचं, ते त्या दाराला आतनं कडी घालतंय. दार बंद, वर्दी बंद. मिरची बसली बोंबलत. लिग्नोकेनची जेली मिळती बघा. हरभऱ्याएवढी घ्यायची, तोंडात फिरवायची, थुकून टाकायची. काटा किर्र!"

सरनोबत सरकारी नोकर. कुठलीही गोष्ट रीतसर कागदानं झाल्याशिवाय ती झाली असं त्यांना वाटतच नसे. शुक्रवारी अर्धी रजा टाकून ते सरकारी दवाखान्यात गेले, रांगेत उभं राहून केसपेपर काढला आणि खिडकीतल्या माणसासमोर ताठ उभे राहिले.

"काय होतंय?"

"तोंड बधिर करायचं औषध पाहिजे."

"दात काढायचाय?"

"न्हाय."

"मग काय दुखतंय?"

"अजून काय न्हाय."

खिडकीतल्या माणसानं पेन खाली ठेवलं. "मग कवा दुखणार?"

"रविवारी," सरनोबत प्रामाणिकपणे म्हणाले. "दुपारी एक वाजता."

खिडकीतल्या माणसानं एकदा त्यांच्या मिशांकडं बघितलं, केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि अदबीनं सांगितलं, "साहेब, सरळ जावा, डाव्या हाताला चौथी खोली." सरनोबत गेले. खोलीबाहेरची पाटी त्यांनी वाचली नाही, हीच चूक झाली. आतल्या डॉक्टरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि अतिशय मायेनं विचारलं, "झोप लागते का? कुणी आवाज देतंय असा भास होतो का?" सव्वीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीचं हे फळ! सरनोबत तिथून उठले ते थेट घरी आले. शेवटी पिराजीनंच आपल्या जुन्या डॉक्टरांकडून, बायकोचं तोंड आलंय म्हणून सांगून, एक आख्खी ट्यूब आणली.

शनिवारी सकाळी रंगीत तालीम झाली. हरभऱ्याएवढी जेली, पाच मिनिटं, चूळ. मग पिराजीनं लवंगी मिरचीचा ठेचा भाकरीवर घालून पुढं केला. विमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन तयार उभ्या होत्या. सरनोबतांनी घास घेतला. डोळे मिटले. चावला. गिळला.

काही नाही!

"विमल!" ते ओरडले. "काय सुदिक न्हाय गं!" दोन वर्षांनी त्यांच्या तोंडात ठेचा गेला होता. चव फारशी कळत नव्हती, पण दाताखाली दाण्याचं कूट लागत होतं. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

"एक ध्येनात ठेवा," पिराजी जाता जाता म्हणाला. "ही औषधं शिस्तीत काम करत्यात. पयल्यांदा दुखणं जातंय. मग गरम-थंड कळायचं बंद हुतंय. मग स्पर्श. लईच झालं तर मग हालचाल. तवा हरभऱ्याएवढीच. तूर न्हाय, वाटाणा न्हाय, हरभरा."

रविवारी भाड्याची ट्रॅक्स जीप करून मंडळी हातकणंगल्याला पोचली. गणपतराव दारातच उभे होते. धोतर, फेटा, आणि आवाज असा, की 'या' म्हणाले तरी माणूस दचकावा. "या पावणं, या! आक्कानं पहाटंपासनं चूल सोडली न्हाय. बोकड मी स्वतः निवडलंय!" आक्का म्हणजे गणपतरावांची आई, पंच्याहत्तरीची. तिच्या हाताचा तांबडा रस्सा पिऊन मोठमोठे पैलवान ओक्साबोक्शी रडलेले आहेत, असं भावकीतला एक जण सांगत होता. सरनोबतांनी हसायचा प्रयत्न केला. चुलीवरचा नुसता वास आला आणि त्यांच्या टाळूला घाम फुटला.

परसदारी हात धुवायला म्हणून ते गेले आणि ट्यूब काढली. हरभऱ्याएवढी बोटावर घेतली. तेवढ्यात आतून गणपतरावांचा आवाज आला, "आक्का, पाव्हण्याला वरचा झणझणीत कट वाढ गं!" हेडक्लार्क मनुष्य, कुठल्याही कागदाच्या तीन प्रती काढल्याशिवाय ज्याला झोप लागत नाही, त्याचं एका हरभऱ्यावर कसं भागावं? त्यांनी दुसरा हरभरा घेतला. मग तिसरा. मग अंतराचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि त्या भल्या बापानं आख्खी ट्यूब तोंडात पिळली. चूळ भरायला तांब्या उचलला, तर मागं शार्दूल टॉवेल घेऊन उभा! सरनोबतांनी सगळं गिळून टाकलं.

पंगत बसली. पहिली वाटी आली. वर बोटभर लालभडक तवंग, खाली उकळता रस्सा. वीसभर माणसं आपापलं जेवण सोडून सरनोबतांकडं बघायला लागली. त्यांनी वाटी उचलली आणि एका दमात रिकामी केली.

"जाळ आणि धूर संगटच की!" भावकीतला कुणीतरी म्हणाला.

नाकाला पाणी नाही, कपाळावर घामाचा थेंब नाही. दुसरी वाटी आली. ती चुलीवरून सरळ आलेली, वाफा निघत होत्या. सगळे फुंकर घालत होते. सरनोबतांनी ती गटागटा प्यायली. "अवो, भाजंल की!" वाढणारी बाई किंचाळली. सरनोबतांना काही कळलंच नाही. पिराजीनं सांगितलेली दुसरी पायरी आली होती, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण जिंकणाऱ्याला कुठं भान असतं? त्यांनी मिशीवरून पालथी मूठ फिरवली आणि तिसरी वाटी मागितली. अंतराकडं बघून त्यांनी डोळासुद्धा मिचकावला.

आणि इथंच गोष्ट फिरली. सरनोबतांना वाटत होतं, आपण मैदान मारतोय. पण गणपतरावांचा चेहरा उतरत चालला होता. स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभी राहून टक लावून बघत होती. तिसऱ्या वाटीनंतरही पाव्हण्याचं नाक कोरडं बघून म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "माझ्या हातचं गेलं रं गणप्या," ती आत जाता जाता म्हणाली. "पाव्हणा पाणी प्याल्यागत रस्सा प्येतोय."

आता गणपतरावांची सोसण्याविषयीची मतं सरनोबतांना पाठ होती. पण सोसण्यालाही काही रीत असते, हे ते विसरले. सू सू करावं, नाक पुसावं, डोळे भरावेत, आणि तरी वाटी पुढं करावी. रश्श्याला दाद म्हणतात ती हीच. गाणाऱ्यापुढं मख्ख बसून राहिल्यासारखं सरनोबत आक्कापुढं बसले होते. वीस माणसांना ते दिसत होतं. फक्त सरनोबतांनाच दिसत नव्हतं.

तेवढ्यात तिसरी पायरी आली. ओठ कुठं संपतात आणि हनुवटी कुठं सुरू होते, हे कळेनासं झालं. रस्सा पांढऱ्या शर्टावर ओघळायला लागला. तरी त्यांनी मटणाची फोड तोंडात घातली आणि चावायला सुरुवात केली. फोड तुटेना. त्यांनी जोर लावला. तुटेना. कुणाच्या घरी जेवताना असं गप्प चावत राहणं बरं दिसत नाही, काहीतरी बोलावं म्हणून, जड जिभेनं, पंगतीच्या मधोमध, ते बोलून गेले, "मतन... जला... वातल हाय."

वाढपी जागच्या जागी थांबले.

"काय म्हणालासा?" गणपतरावांनी शांतपणे विचारलं. त्यांचा शांत आवाज त्या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता.

"वातल," सरनोबतांनी पुन्हा सांगितलं.

"वातड? माझ्या घरात? मी निवडलेलं बोकड?" गणपतराव उठले. ताटावरून उठले! विमलाबाईंनी डोळे मिटून घेतले. अंतराच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. "आधी आक्काच्या रश्श्याचा अपमान, आता मटणाचा? शार्दूल, ह्यांची गाडी बोलीव."

निदान ती फोड तरी बाहेर काढून दाखवावी, म्हणून त्यांनी तोंडात बोट घातलं आणि तुकडा धरून ओढला. तुकडा आला नाही. त्याच्याबरोबर सगळा गालच बाहेर यायला लागला.

बोट बाहेर काढलं, तर लाल. रश्श्याचा लाल नव्हे, दुसरा लाल. इतका वेळ सरनोबत स्वतःचा गाल चावत होते.

"रगात!" बायकांमधून किंकाळी उठली. "आतडं फुटलं पाव्हण्याचं!"

मग काय, सगळा गोंधळ! कुणी म्हणालं पालथं घाला, कुणी म्हणालं उताणं करा, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. सरनोबत सांगायला बघत होते, की आतडं नव्हे, गाल. पण घसाच बधिर, धड गिळता येईना, पाण्याचा घोट उलटा नाकातून आला आणि ठसका लागला. तो ठसका बघून गणपतरावांचं अवसान गळालं. "मारला की वो मी पाव्हणा!" असं ओरडून त्यांनी सरनोबतांना चक्क खांद्यावर घेतलं आणि चौकातल्या दवाखान्यात नेलं. मागं विमलाबाई, अंतरा, शार्दूल आणि हातात तशीच पळी घेऊन आक्का.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं बॅटरी मारून तोंड बघितलं. "गाल चावलाय, चार टाके पडतील. टाळू पोळलीय. पण एवढं कळलं कसं नाही यांना?"

सरनोबतांनी मान खाली घातली आणि खिशातून ट्यूब काढून दिली. पिळून सपाट झालेली.

डॉक्टरीण हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "सगळी? गिळली?"

त्यांनी मान हलवली. "तिखट सोसत न्हाय त्यांना, म्हणून," विमलाबाईंनी सांगून टाकलं.

"बसू नका, आडवे व्हा. सिस्टर, ईसीजीचं मशीन आणा, आधी पट्टी काढा छातीची." ती हात चालवता चालवता बोलत होती. "काका, नसांना बारीक दारं असतात, त्यांना हे औषध कडी घालतं. पण तसली दारं काय फक्त नसांनाच असतात? स्नायूंना असतात. हृदय हा स्नायूच आहे. रक्तात हे औषध जास्त गेलं तर आधी झटके येतात आणि मग हृदयाच्या दारांना कडी लागते. तिखट नको म्हणून सांगायचं सोडून जीव द्यायला निघाला होतात तुम्ही?"

आतापर्यंत सरनोबतांना लाज वाटत होती. आता पहिल्यांदा भीती वाटली. अंतरानं त्यांचा हात धरला आणि ती रडत ओरडली, "आप्पा, मला नको लग्न! तिखट चालत न्हाय म्हणून सांगायला एवढं जड जात हुतं व्हय तुम्हाला?"

मशीनमधून पट्टी सरकत आली. डॉक्टरिणीनं ती वरून खालपर्यंत दोनदा वाचली. "ठीक दिसतंय. नशीब थोर तुमचं. संध्याकाळपर्यंत हलायचं नाही." मग तिनं टाके घातले. ते सरनोबतांना कळलेसुद्धा नाहीत. बधिर करायची सुई टोचायचीही गरज पडली नाही, असं सिस्टर म्हणाली.

पाऊण तास गेला. बधिरपणा जशा पायऱ्या चढला होता तसा उलटा उतरायला लागला; आधी जीभ ठिकाणावर आली. दुखणं अजून पोचायचं होतं. सरनोबतांनी ओळखलं, बोलायचं तर आत्ताच.

"गणपतराव," ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, मी दूधभात खातोय. तिखट मला सोसत न्हाय. पोरीचं लग्न मोडू ने म्हणून खोटं वागलो. आता मोडायचं असंल तर मोडा, पर पोरीचा दोष न्हाय."

गणपतराव स्टुलावर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी फेटा डोक्यावर चढवला. मग म्हणाले, "म्हंजे जे वातड हुतं, ते मटण न्हवतं?"

"न्हवतं."

"तुमचा गाल हुता?"

"व्हय."

"मटण कसं हुतं मग?"

"ते मी चावलंच न्हाय वो!"

गणपतराव ताडकन उठले. "लिव्हून द्या!"

आणि सरनोबतांनी लिहून दिलं. गालात चार टाके, छातीला चिकटवलेल्या वायरी, अशा अवस्थेत त्या हेडक्लार्कनं केसपेपरच्या पाठीमागं, समास सोडून, मजकूर लिहिला: 'दाखला देण्यात येतो की, आज रोजी भोजनप्रसंगी वातड म्हणून उल्लेख करण्यात आलेला पदार्थ मटण नसून निम्नस्वाक्षरीकाराचा डावा गाल होता. करिता दाखला दिला असे.' डॉक्टरिणीनं साक्षीदार म्हणून सही केली. गणपतरावांनी कागद घेतला आणि दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून जमलेल्या भावकीला दोनदा वाचून दाखवला.

आक्का मात्र कोपऱ्यात तशीच बसली होती. पळी मांडीवर, मान खाली. मटणाची अब्रू वाचली होती, पण रश्श्याचं काय? पंच्याहत्तर वर्षांचा हात तीन वाट्यांत खोटा पडला होता. "गाल असू दे न्हाय तर काय असू दे," ती पुटपुटली. "पाव्हण्याच्या डोळ्याला पाणी आलं न्हाय ते न्हायच."

नेमक्या त्याच वेळी सरनोबतांच्या तोंडातली शेवटची कडी निघाली.

आधी टाळू. मग टाके. आणि मग तांबडा रस्सा, तिन्ही वाट्यांचा, वरच्या कटासकट, जखमेवरून, एकदम. "आई गं!" सरनोबतांनी अशी आरोळी ठोकली, की बाहेर गणपतरावांच्या हातून दाखला पडला. नाक गळायला लागलं, कान लाल झाले, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, आणि डोळ्यांतून पाणी, किती पाणी! त्यात मिरचीचं होतं, टाक्यांचं होतं, आणि छातीची पट्टी निघाली तेव्हापासून दाबून धरलेलंही होतं. "आक्का," ते हुंदके देत ओरडले, "काय रस्सा केलाय वो! मेलो मी! मेलो!"

आक्काची मान वर आली. ती लगबगीनं उठली, कॉटपाशी आली आणि त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून निरखून बघायला लागली. मग पदरानं त्यांचे डोळे पुसले. पुसले तरी परत भरले, परत पुसले.

"गणप्या," तिनं हाक मारली, "सुपारी आण रं. आणि माझ्या व्याह्याला दूधभात लाव घरात."